वेगासला बिऱ्हाड थाटणारे

महाराष्ट्रातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची सहल निघाली, की लॉस एंजेलिस आणि ग्रँड कॅन्यन यांच्या मध्ये लास वेगासच्या दोन रात्री ठरलेल्याच असतात. मंडळी ‘स्ट्रिप’ या कॅसिनोंच्या रस्त्यावरची कारंजी बघतात, स्लॉट मशिनमध्ये वीसेक डॉलर घालवतात, फोटो काढतात आणि सकाळी बसमध्ये बसतात. गंमत अशी, की ज्या रस्त्यावर ते हिंडतात त्याचा बहुतेक भाग कायद्याच्या हिशेबाने लास वेगास शहरात येतच नाही. 1950 साली कॅसिनोवाल्यांनी शहराचे कर चुकवायला ‘पॅराडाइज’ नावाचं वेगळं गाव कागदावर उभं करून घेतलं. ते आजही तसंच आहे.

राहतं शहर त्या झगमगाटाच्या दोन्ही अंगांना वाळवंटात पसरलं आहे. हे सगळं ज्या क्लार्क काउंटीत येतं, तिची लोकसंख्या 1950 साली 48 हजार होती; 2020 च्या जनगणनेत ती 22 लाख 65 हजारांवर गेली. सत्तर वर्षांत सत्तेचाळीस पट. नेवाडा राज्यात राहणाऱ्यांपैकी तिथेच जन्मलेले लोक जेमतेम एक चतुर्थांश आहेत आणि अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात हे प्रमाण इतकं खाली नाही. त्यामुळे नवख्या माणसाला हे शहर मानवतं का, हा प्रश्न इथे जवळजवळ सगळ्यांचाच आहे. ‘आमच्या आजोबांपासून आम्ही इथले’ म्हणणारा भेटला, तर लोक त्याच्याकडेच नवलाने बघतात.

शहराचा जन्मच लिलावातून झाला. 15 मे 1905 रोजी रेल्वे कंपनीने रुळांकडेची जमीन तुकडे पाडून विकली, तीही उन्हाच्या तडाख्यात. पुढची पंचवीस वर्षं गाव तसं पेंगतच होतं. 1930 साली वस्ती पाच हजारांच्या थोडी वर. मग 1931 ने सगळं बदललं. त्या मार्चमध्ये राज्याने जुगार कायदेशीर केला, घटस्फोटासाठी राज्यात राहण्याची अट तीन महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आणली आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचं काम सुरू झालं. 1939 साली हॉलिवूडचा नट क्लार्क गेबलच्या बायकोने इथे मुक्काम ठोकून काडीमोड घेतला, तेव्हा वेगासला फुकटची जाहिरात मिळाली. सहा आठवडे राहिलं की कायद्याच्या लेखी माणूस इथला. कुठून आलास, का आलास, असं विचारायची रीत नव्हती. बहुतेकांना ते विचारलेलं आवडलंही नसतं.

पण दार सताड उघडं होतं, असं म्हणणाऱ्याने धरणाच्या कंत्राटातली अटही वाचावी. चिनी मजूर घ्यायचे नाहीत, असं त्यात चक्क लिहिलं होतं. मंदीने हवालदिल झालेले हजारो गोरे मजूर कामाला लागले. काळ्या मजुरांची भरती हातांच्या बोटांवर मोजावी अशी, आणि तीही ओरड झाल्यावर.

काळी कुटुंबं मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धात. शेजारच्या हेंडरसनमध्ये मॅग्नेशियमचा कारखाना निघाला होता. लुइझियानातलं टॅलुला आणि आर्कान्सामधलं फॉरडाइस ही दोन छोटी गावं जणू उठून वेगासला आली: एकाने दुसऱ्याला बोलावलं, मेहुण्याने भाच्याला. त्यांना राहायला जागा मिळाली ती रुळांपलीकडच्या वेस्टसाइडमध्ये, जिथे कित्येक वर्षं रस्ते मातीचे होते. स्ट्रिपवर ते खोल्या आवरायचे, भांडी घासायचे. तिथे पाहुणे म्हणून मात्र त्यांना थारा नव्हता. ज्याच्या नावावर तिकिटं खपायची त्या गायक सॅमी डेव्हिस ज्युनियरलाही सुरुवातीच्या काळात कार्यक्रम संपला की मुक्कामाला वेस्टसाइडच गाठावी लागे. ‘पश्चिमेचं मिसिसिपी’ हे टोपणनाव शहराला तेव्हा पडलं.

मे 1955 मध्ये वेस्टसाइडच्या कडेला मूलाँ रूज उघडलं. काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसता येईल असं शहरातलं हे पहिलं हॉटेल-कॅसिनो. रात्री अडीचला तिथे तिसरा खेळ लागायचा आणि स्ट्रिपवरची कामं आटोपून नट-गायक तिकडे धावायचे. सहा महिन्यांच्या आत ते बंद पडलं. पण त्याच इमारतीत 26 मार्च 1960 रोजी एक बैठक झाली. दंतवैद्य जेम्स मॅकमिलन यांनी स्ट्रिपवर मोर्चा काढण्याची धमकी दिली होती. वर्तमानपत्राचे मालक हँक ग्रीनस्पन यांनी मध्यस्थी केली आणि कॅसिनोंनी काळ्या गिऱ्हाइकांना प्रवेश देण्याचं मान्य केलं. कॅसिनोवाल्यांना एकाएकी साक्षात्कार झाला होता, असं नव्हे. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर स्ट्रिपवर मोर्चा म्हणजे धंद्यावर पाणी, एवढा हिशेब त्यांना पक्का कळत होता.

तोच हिशेब 1971 साली रूबी डंकन यांनी पुन्हा मांडून दाखवला. बाई टॅलुलाच्या, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करताना घसरून पडल्या आणि कामाला मुकल्या. राज्याने गरीब आयांचा सरकारी भत्ता कापला, तेव्हा मार्चमध्ये त्या हजाराहून अधिक माणसं घेऊन थेट स्ट्रिपवरच्या सीझर्स पॅलेस कॅसिनोत शिरल्या. जुगाराची टेबलं थांबली. दोन आठवड्यांत न्यायालयाने भत्ते पूर्ववत करायला लावले. मग याच बायकांनी ‘ऑपरेशन लाइफ’ नावाची संस्था काढून वेस्टसाइडमध्ये दवाखाना चालवला, वाचनालय आणलं. शहराच्या या भागातला सामाजिक जिव्हाळा असा भांडून मिळवलेला आहे, कुणी नारळ-शाल देऊन दिलेला नाही.

यानंतर आला तो खरा लोंढा. नोव्हेंबर 1989 मध्ये स्ट्रिपवर मिराज हॉटेल उघडलं आणि एकामागून एक अवाढव्य हॉटेलं उभी राहिली. 1990 ते 2000 या दहा वर्षांत क्लार्क काउंटीत सहा लाखांहून अधिक माणसांची भर पडली. निव्वळ वाढच महिन्याला पाच हजारांवर. पश्चिमेला अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजने पूर्वी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर समरलिन वसलं. हे नाव त्याच्या आजीचं.

या वसाहतींची रचना जवळून बघण्यासारखी आहे. प्रत्येक घराच्या मागच्या अंगणाला पुरुषभर उंचीची सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, अख्ख्या वसाहतीला बाहेरून आणखी एक भिंत, काही ठिकाणी फाटकावर पहारा. घराच्या पुढच्या बाजूला गॅरेजचं दार हाच मुख्य दर्शनी भाग. माणूस कामावरून येतो, गाडीत बसूनच बटण दाबतो, दार वर जातं, गाडी आत, दार खाली. शेजाऱ्याला दिसते ती फक्त मागची नंबरप्लेट. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळत असताना ओट्यावर बसून गप्पा मारायचं कुणाच्या मनातही येत नाही. जुलै 2024 मध्ये तर पारा जवळपास 49 वर पोचला होता. शिवाय शहर चोवीस तास चालणारं. एका घरातला पत्ते वाटणारा पहाटे चारला सुटतो, बाजूची परिचारिका सातला निघते, पलीकडचा आचारी दुपारी तीनला कामावर चढतो. शेजाऱ्यांची झोपेची वेळच जुळत नाही, तिथे ओळख कधी व्हायची?

राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी 2000 साली अमेरिकेतल्या राज्यांत लोक एकमेकांशी किती बांधलेले आहेत याची मोजदाद मांडली, त्यात नेवाडा तळाला होतं. 2008 साली समाजशास्त्रज्ञ मॅट रे आणि सहकाऱ्यांनी पंचवीस वर्षांच्या मृत्यूनोंदी तपासल्या. वेगासमध्ये राहणाऱ्यांत आत्महत्येचा धोका इतरत्र राहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळला. शहर सोडून गेलेल्यांत तो कमी होता. जुगाराला बोल लावून मोकळं होणं सोपं आहे. संशोधकांनी मात्र झपाट्याची वाढ आणि त्यातून येणारं एकटेपण याकडेही बोट दाखवलं.

मग लोक भेटत कुठे? एक उत्तर ऐकून आपल्याकडच्या वाचकाला हसू येईल: कॅसिनोत. स्ट्रिपवरच्या नव्हे, वस्तीतल्या. 1979 साली बोल्डर हायवेवर उघडलेलं सॅम्स टाउन किंवा स्टेशन कंपनीचे ठिकठिकाणचे कॅसिनो हे स्थानिकांसाठीच बांधलेले. तिथे बोलिंग असतं, स्वस्तातलं जेवण असतं, बऱ्याच ठिकाणी सिनेमा असतो, काही ठिकाणी पोरांना ठेवायला पाळणाघरदेखील. रात्रपाळी सुटलेल्यांना सकाळी आठला बिअर आणि सोबत दोन्ही मिळतं. नाक्यावरचा कट्टा म्हणावा तर हाच. फक्त या कट्ट्याचा मालक येणाऱ्याच्या खिशावर डोळा ठेवून असतो, आणि पगाराच्या दिवशी त्याचं फावतं.

दुसरं उत्तर अधिक भक्कम आहे. 1935 साली स्थापन झालेली कलिनरी युनियन, स्थानिक शाखा 226. खोल्या आवरणाऱ्या बायका, वेटर, आचारी, सामान उचलणारे असे साठेक हजार सभासद. त्यात निम्म्याहून अधिक लॅटिनो, आणि मायदेशांची गणती करायला बसलं तर नकाशा पुढ्यात घ्यावा लागेल. 21 सप्टेंबर 1991 रोजी फ्रंटियर हॉटेलच्या साडेपाचशे कामगारांनी संप पुकारला. तो सहा वर्षं, चार महिने आणि दहा दिवस चालला. चोवीस तासांचा पहारा, ऐन उन्हाळ्यातही. एकही संपकरी फुटून कामावर गेला नाही. संपाच्या काळात त्यांच्या घरी मुलं जन्मली, काहींचे मृत्यूही झाले. मालकाने अखेर हॉटेल विकलं आणि नव्या मालकाने 1998 च्या सुरुवातीला सगळ्यांना कामावर घेतलं. ज्या शहरात माणसं एका जागी टिकत नाहीत असं म्हणतात, तिथे साडेपाचशे जण एका फुटपाथवर सहा वर्षं टिकले.

आणि मग आपापली पंगत घेऊनच येणारे. 1975 साली कॅसिनोमालक सॅम बॉइडने जुन्या गावठाणात कॅलिफोर्निया हॉटेल काढलं. स्ट्रिपशी टक्कर देणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने हवाईच्या लोकांना विमानभाड्यासकट स्वस्त सहली विकल्या, हॉटेलात भात आणि बैलाच्या शेपटीचं सूप ठेवलं, नोकरांना फुलाफुलांचे शर्ट घातले. हवाईत घरांचे भाव आभाळाला टेकले तसे पाहुणे बिऱ्हाडासह येऊ लागले. आज वेगासला हवाईचे लोक ‘नववं बेट’ म्हणतात आणि इथे हुला नाचाचे वर्ग भरतात. स्प्रिंग माउंटन रोडवरचं चायनाटाउन तर पिढ्यान्‌पिढ्या साठत गेलेलं नाहीच; तैवानहून आलेल्या एका उद्योजकाने 1995 साली बांधलेल्या दुकानसंकुलापासून ते सुरू झालं. वेगासला साजेसंच म्हणायचं: आधी इमारत, मागाहून मोहल्ला. समरलिनमधल्या हिंदू-जैन मंदिरात सणावारी गुजराती, तेलुगू, मराठी कुटुंबं एकत्र जमतात, तेही त्याच धाटणीचं.

जो यांपैकी कशातच बसत नव्हता, त्याला 2008 च्या मंदीनंतरची वर्षं फार जड गेली. 2006 च्या मध्याला घराची मधली किंमत 3 लाख 15 हजार डॉलर होती. जानेवारी 2012 मध्ये ती 1 लाख 18 हजारांवर आली. कर्जापोटी घरं जप्त होण्यात नेवाडा वर्षानुवर्षं देशात पुढे होतं. भिंतीआडच्या वसाहतींत पोहण्याचे तलाव हिरवे पडले, शेजारी कधी निघून गेला ते कळलंही नाही. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे स्ट्रिप बंद झाला तेव्हा महिन्याभरात साधारण तिघांतला एक जण बेकार होता. त्या वेळी युनियनच्या स्वयंपाक-प्रशिक्षण केंद्रातून किराण्याच्या पिशव्या वाटल्या जात होत्या. एरवी तिथे नवशिक्यांना भाजी चिरायला शिकवतात.

मधल्या काळात, 1 ऑक्टोबर 2017 च्या रात्री, स्ट्रिपवरच्या संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. साठ जण मेले. पहाटेपासून रक्तदानाच्या रांगा लागल्या, आणि शहराच्या एका मोकळ्या तुकड्यावर स्वयंसेवकांनी चारेक दिवसांत झाडं लावून स्मृतिउद्यान उभं केलं. नवव्या दिवशी, 10 ऑक्टोबरला, गोल्डन नाइट्स या नव्याकोऱ्या आइस हॉकी संघाचा घरच्या मैदानावर पहिला सामना होता. त्याआधी वेगासकर ज्या गावातून आला त्याच गावाच्या संघाला पाठिंबा द्यायचा. शिकागोवाला शिकागोला, डेट्रॉइटवाला डेट्रॉइटला. त्या रात्री खेळाडूंच्या बरोबरीने डॉक्टर, पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान बर्फावर उभे राहिले. संघातला डेरिक एंगेलंड बोलला. तो मूळचा कॅनडाचा, कधीकाळी इथल्या छोट्या संघात खेळायला आला आणि इथेच लग्न करून राहिलेला. वाळवंटात बर्फावरचा खेळ हा विनोद वाटला होता, पण संघ पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेला आणि 2023 साली विजेतेपदाचा स्टॅनली कप घेऊन आला.

गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा ओघ कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांचा आहे. तिकडचं घर विकून आलेल्यांना इथला भाव किरकोळ वाटतो. त्यांच्यातले कित्येक घरबसल्या संगणकावर काम करतात. त्यांना ना पाळी, ना युनियन, ना सोबतचे कामगार. स्ट्रिपवर मात्र नोव्हेंबर 2023 मध्ये बड्या हॉटेल कंपन्यांनी संपाच्या तोंडावर युनियनशी पाच वर्षांचे करार केले, आणि 2025 साली स्ट्रिपवरचे सगळे मोठे कॅसिनो प्रथमच युनियनच्या छत्राखाली आले. सभासदाला पहिल्या घरासाठी युनियनच्या गृहनिधीतून वीस हजार डॉलरपर्यंत मदत मिळते. 2012 च्या घराच्या किमतीचा तो साधारण सहावा हिस्सा झाला असता. 2025 साली मधली किंमत पावणेपाच लाखांच्या पुढे होती.