एइबारची दुनळी

बंदुकीला दोन किमती असतात. एक ती कोणाच्या नावाची आहे याची आणि दुसरी ती कशी घडवली आहे याची. पहिली दुकानदाराने अडकवलेल्या चिठ्ठीवर वाचता येते. दुसरी वस्तू हातात घेऊन शोधावी लागते. बँकेच्या नोकरीत तारण म्हणून पुढे आलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे मी इतक्यांदा पाहिले आहे, की इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाच्याने ‘मामा, एक जुनी स्पॅनिश बंदूक मनात भरली आहे, घेऊ का?’ असे विचारले, तेव्हा मी ‘आधी बघू तर दे’ म्हणालो. मी तिथे दोन महिन्यांसाठी गेलो होतो आणि वेळ भरपूर होता. मिळेल ते वाचले. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराला प्रश्न विचारून भंडावले. त्याने ते आनंदाने सोसले.

शिकारीचा संबंध नव्हता. भाचा तिकडच्या एका लहान गावात डॉक्टर आहे आणि रविवारी सकाळी तो चकत्या फोडायला जातो. यंत्राने हवेत भिरकावलेली, साधारण ११ सेंटिमीटर व्यासाची चकती छर्ऱ्यांनी उडवायची, असा हा खेळ. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले ते याच कुळातल्या प्रकारात. चार वर्षे भाचा क्लबची बंदूक वापरत होता. आता त्याला स्वतःची हवी होती.

दुकानात पाहिलेली बंदूक ‘ए. वाय. ए.’ बनावटीची, ‘नंबर दोन’ या नमुन्याची, बारा बोअरची होती. नळ्या एकमेकींच्या शेजारी, अठ्ठावीस इंची. दस्ता अक्रोडाचा, मधाच्या रंगाचा. दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर बारीक वेलबुट्टी. वजन जेमतेम तीन किलो. मागणी चौदाशे पौंडांची. तिच्याच वरच्या खणात दिसायला जवळजवळ तशीच एक जुनी इंग्रज बंदूक होती. तिच्या चिठ्ठीवरचा आकडा दहापटीहून मोठा. लंडनच्या नामांकित पेढ्यांकडे अशी बंदूक आज नवी करून घ्यायची तर लाख पौंडांच्या पुढेच बोलणे सुरू होते.

सारखी दिसणारी, सारख्या रचनेची वस्तू, आणि किमतीत एवढे अंतर! याचे उत्तर एका गावात आहे.

स्पेनच्या उत्तरेला बास्क मुलखात, डोंगरांच्या खोबणीत एइबार नावाचे गाव आहे. वस्ती सत्तावीस हजारांच्या आसपास. सपाट जागेची इतकी टंचाई की कारखानेसुद्धा मजल्यावर मजला चढवून बांधलेले. सोळाव्या शतकापासून तरी इथे शस्त्रे घडवतात. इथला फुटबॉल संघ २०१४ साली स्पेनच्या पहिल्या श्रेणीत पोचला तेव्हा या चिमुकल्या गावाचे नाव जगाने ऐकले. त्या संघाला लोक लाडाने ‘बंदूकवाले’ म्हणतात. पण मला जास्त गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘ऑर्बेआ’ आणि ‘बी. एच.’ या आज सायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या मूळच्या एइबारच्या बंदूक कारखानदारांच्या. पहिल्या महायुद्धानंतर मागणी ओसरली, तेव्हा नळी घडवणाऱ्या हातांनी सायकलचा सांगाडा घडवला. ‘अल्फा’ नावाची शिलाई यंत्रेही तिथलीच. त्या सहकारी संस्थेनेही सुरुवात शस्त्रांनीच केली होती. घरोघरी शिवणयंत्र चालवणाऱ्या स्पॅनिश आयांना आपण बंदुकीच्या कुळातली वस्तू वापरतो आहोत हे ठाऊक असेल का कोण जाणे.

१९३१ च्या एप्रिलमध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा सर्वांत आधी केली ती या कामगारांच्या गावाने. १९३७ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धातल्या बॉम्बवर्षावाने गावाचा बराच भाग जमीनदोस्त झाला. त्याच महिन्यात गेर्निका जळले. गेर्निकावर पिकासोने चित्र काढले, एइबारच्या वाट्याला चित्रकार आला नाही. गाव पुन्हा उभे राहिले आणि कानशी पुन्हा चालू लागल्या.

‘ए. वाय. ए.’ म्हणजे आगिर्रे आणि आरांसाबाल. या दोन भागीदारांनी १९१५ साली पेढी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात कारागिरांचे पगार वाढले आणि चांगली बंदूक मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेली. तेव्हा एइबारच्या कारागिरांनी लंडनच्या ‘हॉलंड अँड हॉलंड’ची रचना समोर ठेवून ‘नंबर एक’ आणि ‘नंबर दोन’ हे नमुने घडवले. इंग्रज शेतकऱ्याने, शाळामास्तराने, गावच्या डॉक्टराने ते घेतले. पण त्याच काळात त्याच गावातून अत्यंत स्वस्त मालही निर्यात होत होता. आतले भाग मऊ पोलादाचे, टोचे लवकर मोडणारे. ‘स्पॅनिश म्हणजे कच्चे’ हा शिक्का बसला, तो चांगल्या मालालाही लागला. पुढे १९८० च्या दशकात सरकारी पाठबळाने तिथल्या अनेक लहान पेढ्या एकत्र करून एक मोठी कंपनी उभारण्यात आली आणि काही वर्षांतच ती बुडाली. (बँकांची विलीनीकरणे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.) थोड्या कारागिरांनी पुन्हा एकत्र येऊन ‘ए. वाय. ए.’ हे नाव जिवंत ठेवले. तेव्हा चौदाशे पौंडांच्या चिठ्ठीत कारागिरी कमी धरली होती असे नाही. गावाच्या नावाला बसलेला बट्टा वजा केलेला होता. असा माल घेणाऱ्याच्या फायद्याचा असतो, अट एकच : आपल्याला तो तपासता आला पाहिजे.

तपासणी मी डोळे भरून पाहिली. कारागिराने नळ्या सुट्या केल्या, एका बोटाला टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. घंटेसारखा लांबणारा नाद आला. दोन नळ्यांमधली पट्टी झाळलेली असते; झाळ कुठे सुटली असेल तर आवाज बद्द येतो, खरखरतो. आमच्या आजोबांच्या पिढीत वाणी बंदा रुपया फरशीवर वाजवून घेत असे, त्याची मला आठवण झाली. मग त्याने नळ्या उजेडाकडे धरून आत पाहायला सांगितले. आतल्या चकाकीवर सावलीची वर्तुळे दिसतात. वर्तुळ कुठे मोडले तर तिथे पोचा आहे. एका मापकाने नळीची जाडी मोजली. ती इंचाच्या वीस हजारांश भागांपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, कमी भरली तर बंदूक बाजूला ठेवायची, असा त्याचा नेम. ही सत्तावीस भरली. नंतर बंदूक मिटवून नळ्या आणि मागची भिंत यांच्यात फट दिसते का ते दिव्यासमोर धरून पाहिले. दस्ता पट्ट्यांना जिथे भिडतो तिथे केसाएवढी चीर आहे का तेही पाहिले. शेवटी त्याने स्क्रूंकडे बोट दाखवले. स्क्रूच्या खाचा धारदार होत्या. ‘खाचा झिजलेल्या असल्या की समजावे, आत कोणीतरी अर्धवट माणूस हात घालून गेला आहे,’ तो म्हणाला. घड्याळजीही असेच म्हणतात.

नळ्यांच्या पोटाशी बारीक ठसे असतात. स्पेनमध्ये प्रत्येक बंदूक एइबारच्या सरकारी चाचणीगृहात जादा दाबाचे काडतूस उडवून तपासली जाते आणि १९२७ पासून तिच्यावर वर्षाचे सांकेतिक अक्षर उठवले जाते. सोन्यावरच्या हॉलमार्कसारखेच हे. त्या अक्षरावरून ही बंदूक साठीच्या दशकातली ठरली. शेजारचा ७० हा आकडा काडतुसाच्या खोलीची लांबी सांगत होता, मिलिमीटरमध्ये. जुन्या अनेक बंदुकांत तो ६५ असतो आणि तिथे मोठा धोका आहे. काडतुसाची लांबी ते उडाल्यावर, तोंड उलगडल्यावर मोजतात. त्यामुळे न उडालेले ७० चे काडतूस ६५ च्या खोलीत सुरळीत बसते, झाकण मिटते, काहीच अडत नाही, आणि दाब मात्र भलताच वाढतो.

मग तारका. नळीचे तोंड किंचित आवळलेले असते, त्याला चोक म्हणतात; आवळ जास्त तितके छर्रे दूरपर्यंत एकवटून जातात. स्पॅनिश पद्धतीत एक तारका म्हणजे सर्वांत घट्ट चोक, तारका वाढतील तसा तो सैल. या बंदुकीच्या उजव्या नळीला चार तारका होत्या, डाव्या नळीला एकच. आणि व्यवहार इथेच अडला.

छर्रे आजवर शिशाचे असत. शिसे जमिनीत आणि पाण्यात राहते, पक्षी ते खडे समजून गिळतात आणि मरतात. इंग्लंडात पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाला १९९९ पासूनच बंदी आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले की तीन वर्षांची मुदत देऊन शिशाच्या छर्ऱ्यांवर एकूणच बंदी आणायची. निर्णय योग्यच आहे, असे माझे मत. पर्याय पोलादी छर्ऱ्यांचा. पण पोलाद शिशासारखे दबत नाही. घट्ट चोकमधून जाताना ते जुन्या नळीच्या तोंडाला फुगवटा आणू शकते. साध्या ताकदीची पोलादी काडतुसे निम्म्या किंवा त्याहून सैल चोकमधूनच उडवावीत, असा नियम आहे. बिस्मथ मऊ असते, पण महाग पडते. तेव्हा डावी नळी आतून घासून सैल करून घेणे आले. हे काम होते, पण एकदा काढलेले पोलाद परत घालता येत नाही. जुन्या वस्तू जशाच्या तशा जपणाऱ्या शौकिनाच्या लेखी बंदुकीची किंमत तिथे घटते. भाच्याला मी सांगितले, की कपाटात ठेवून किंमत वाढण्याची वाट पाहायची असेल तर घेऊ नकोस. अशा मध्यम किमतीच्या जुन्या दुनळ्यांना गिऱ्हाईक या बंदीमुळे कमीच होणार. उडवायची असेल, तरच विचार कर.

त्याने मैदानावर पंचवीस चकत्यांवर ती चालवून पाहिली. अठरा फुटल्या. आधीचा मालक उंच असावा, दस्ता याला अर्धा इंच लांब पडत होता. ते बरेच झाले. लाकूड कापणे सोपे, जोडणे विद्रूप दिसते. दोन चापांचीही त्याला लगेच सवय झाली : पुढचा चाप सैल नळीचा, मागचा घट्ट नळीचा.

घरी मात्र प्रश्न वेगळा होता. माझी भाचेसून शांत स्वभावाची बाई आहे. तिने बंदुकीला विरोध केला नाही, तिने किल्लीबद्दल विचारले. इंग्लंडात बंदूक घरात पोलादी कपाटात ठेवायची असते आणि ज्याच्या नावावर परवाना नाही अशा कोणाच्याही हाती, घरच्या माणसाच्यासुद्धा, ती लागता कामा नये. म्हणजे किल्ली कुठे आहे ते नवऱ्याने बायकोलाही सांगायचे नाही. ‘मामा, बावीस वर्षांच्या संसारात या घरातली एकही किल्ली मला ठाऊक नाही, असं झालेलं नाही,’ ती म्हणाली. ‘आणि सोळा वर्षांचा मुलगा घरात आहे. त्या वयाची मुलं किल्ल्या शोधतात.’

भाचा यावर काही बोलला नाही. त्याला तिच्याहून जास्त माहीत होते. परवान्यासाठी कोणी अर्ज केला की त्या माणसाला नैराश्य आहे का, दारूचे व्यसन आहे का, अशी विचारणा त्याच्या डॉक्टरकडे होते. असे कागद भाच्याच्याच टेबलावर येतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्लिमथ शहरात एका तरुणाने बंदुकीने पाच जणांचे प्राण घेतले. पोलिसांनी त्याच्याकडून काढून घेतलेली बंदूक काही आठवड्यांपूर्वीच त्याला परत केली होती. ‘त्यानंतर त्या कागदावर सही करताना मी दोनदा वाचतो,’ भाचा एवढेच म्हणाला.

मी बँकेतला माणूस. मला एक साधी गोष्ट दिसत होती. आपण दागिने घेतो, ते काय उशाखाली ठेवतो? परवानाधारक दुकानदार भाडे घेऊन बंदुका स्वतःकडे सांभाळतात. आणि हे दुकान तर मैदानाला लागूनच होते. भाच्याला बंदूक रविवारी, मैदानावर, तेवढीच हवी होती. ती घरी आणण्याचे कारणच नव्हते. भाचेसूनबाईंनी भाड्याचा आकडा विचारला आणि तो घरखर्चातून जाणार नाही असे बजावले.

दुकानदार चौदाशेवरून बाराशेवर आला. डावी नळी सैल करणे आणि दस्ता कापणे त्यातच धरायचे असे ठरले. कायद्याप्रमाणे भाच्याच्या परवान्यावर नोंद झाली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवायचे म्हणून त्याने त्याच संध्याकाळी ते केले. दस्त्याचा कापलेला अर्धा इंच कारागिराने मला कागदात बांधून दिला. अक्रोडाच्या त्या तुकड्याला अजून तेलाचा वास येतो.