तुटलेला मज्जातंतु

गेल्या आषाढी एकादशीस खिडकीची कांच फुटून आमच्या नातवाचें मनगट कापलें. शल्यवैद्यांनीं त्याच रात्रीं तुटलेला मज्जातंतु सांधला. तथापि दोन महिने लोटले तरी करंगळी बधिरच! चहाच्या तापलेल्या भांड्याला लागून तिला फोड आला; तो त्यानें पाहिला, त्याला तो जाणवला नाहीं. टांकेच नीट पडले नसावेत, अशी कुजबूज घरांत सुरू झाली. सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, तार तर जोडली, मग दिवा कां लागत नाहीं?"

दोष आमचाच. वर्गांत वर्षानुवर्षें तारायंत्राच्या तारेची उपमा आम्हींच दिली होती. तार निर्जीव असते. तंतु हा जिवंत पेशीचा लांब हात होय. करंगळीच्या संवेदनेचे तंतु मानेच्या खालच्या भागीं कण्यालगत असलेल्या पेशींपासून निघून बोटाच्या टोकापर्यंत एकसलग येतात. वाटेंत छेद झाला कीं पुढला भाग मूळ पेशीला अंतरतो, आणि टांके घातले तरी तो मरतोच.

ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्यानें १८५० सालीं बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतु कापून हें दाखविलें. पुढें दीर्घकाळ समजूत अशी होती कीं, हें केवळ उपासमारीचें मरण. परंतु १९८९ सालीं ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं उंदरांची एक अशी जात वर्णिली कीं, तिच्यांत छिन्न तंतु दीड-दोन दिवसांत न मोडतां दोन-तीन आठवडे टिकतो. म्हणजे तंतूच्या ठायींच स्वतःचा शेवट करण्याची योजना असते! २०१२ सालीं तिचा मुख्य घटक हातीं लागला. सार्म-१ नांवाचें हें प्रथिन जागें झालें कीं तंतूच्या ऊर्जाव्यवहाराला अवश्य असें द्रव्य संपवून टाकतें. नवलाची गोष्ट ही कीं, त्या उंदरांत मृत भाग रेंगाळतो तशी नवी वाढही रेंगाळते.

कारण जागा मोकळी व्हावी लागते. तंतूभोंवतीं मेदाचें वेष्टन असतें, तें श्वान पेशींचें. (थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचें हें नांव आहे, संस्कृतज्ञांनीं हंसूं नये.) तंतु मोडतांच या पेशी आपलेंच वेष्टन मोडून खाऊं लागतात, संख्येनें वाढतात आणि रक्तांतील भक्षक पेशींना साहाय्यास बोलावितात. मग जुन्या नळींतून त्या ओळीनें उभ्या राहतात, व त्यांच्या आधारानें वरच्या टोकाचा नवा अंकुर दिवसाला सुमारें एक मिलिमीटर पुढें सरकतो. मेंदूंत व मज्जारज्जूंत श्वान पेशी नाहींत. तेथें हा केर उचलण्यास महिने, क्वचित् वर्षें लागतात, आणि उरलेला मेद वाढीला अडवितो. मज्जारज्जु तुटलेला रोगी सहसा पूर्ववत् होत नाहीं, याचें हें एक कारण आहे.

हें ऐकून सूनबाईंनीं दोरा घेऊन मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंतचें अंतर मोजलें. तें सतरा सेंटिमीटर भरलें; म्हणजे जवळजवळ सहा महिने, शिवाय आरंभींचा खोळंबा वेगळा. शल्यवैद्यांनीं तळहातावर बोटानें टिचक्या मारण्यास सांगितलें आहे. जेथें मुंग्या येतात तेथवर अंकुर पोंचला असें समजावें. नातू दर पंधरवड्यास तेथें शाईनें खूण करितो. कार्तिकी एकादशीस ती खूण करंगळीच्या मुळाशीं होती. गरम भांडीं मात्र सूनबाई अजून त्याच्या हातीं देत नाहींत.