कार्ड लाखाचे, पॉवर सप्लाय हजाराचा!

यवतच्या आमच्या कापडदुकानात मुलाने साड्यांच्या डिझाइनसाठी एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० कार्ड बसवून घेतले. विकणाऱ्याने काटकसर म्हणून पॉवर सप्लाय ६०० वॅटचा दिला. काम जोरात आले की संगणक बंद!

हिशोब सरळ आहे. २०२२ साली आलेले हे कार्ड एकटेच ४५० वॅट खाते. कंपनी ८५० वॅटचा सप्लाय सांगते. क्षणभराचे झटके वेगळेच. ते दुपटीपर्यंत झेलायला एटीएक्स ३.० जातीचा सप्लाय लागतो. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का ताकदीचा नव्हे, वीज किती कमी वाया जाते त्याचा. इथे भले भले फसतात. कार्डाची वायर शेवटपर्यंत दाबावी, अर्धवट बसलेले काही जोड वितळले आहेत.

अखेर आम्ही १००० वॅटचा घेतला. अर्थिंगही नवे केले.