विश्लेषण : रोजचे काम हीच प्रार्थना? ख्रिस्ती धर्म काय सांगतो?

१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. कॅथलिक चर्चमध्ये हाच दिवस ‘कामगार संत जोसेफ’ यांचा सण असतो. हा योगायोग नाही.

हा सण कसा सुरू झाला?
पोप पायस बारावे यांनी १ मे १९५५ रोजी रोममध्ये ख्रिस्ती कामगारांसमोर हा सण जाहीर केला. इटलीत तेव्हा १ मे हा प्रामुख्याने डाव्या चळवळीचा दिवस होता. श्रमप्रतिष्ठा हा धर्माचाही विषय आहे, हे चर्चला ठसवायचे होते.

बायबलचा आधार काय?
मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी येशूला ‘सुतार’ म्हणून ओळखतात. संत पौल तंबू बनवून पोट भरत. उत्पत्तीच्या कथेत तर आदामाच्या हातून पाप घडण्याआधीच त्याच्यावर बागेच्या मशागतीची जबाबदारी येते. म्हणजे काम ही मुळात शिक्षा नाही.

काम प्रार्थना कसे होते?
सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाच्या दिनक्रमात प्रार्थनेबरोबर अंगमेहनतीलाही वेळ नेमून दिली. मठातील भांडीकुंडी वेदीवरच्या पात्रांसारखी जपावीत, असा त्यांचा नियम होता. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी मांडले, की धर्मगुरूच्या सेवेइतकेच चांभाराचे कामही ईश्वराने सोपवलेले आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात स्वयंपाकघर सांभाळणारे ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या गोंगाटातही ईश्वराचे स्मरण ठेवत.

मग मजुरीचे काय?
खरी कसोटी इथेच आहे. ‘काम पवित्र आहे’ असे सांगून कमी पगारात राबवून घेणे सोपे असते. पण बायबलमधील याकोबाच्या पत्रात मजुरांची मजुरी बुडवणाऱ्या श्रीमंतांना कडक इशारा आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कुटुंब चालेल इतकी मजुरी, विश्रांती आणि संघटनेचा हक्क यांची बाजू घेतली. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’मध्ये स्पष्ट केले, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही.

आज हा विषय महत्त्वाचा का?
मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव लिओ तेरावे यांच्यावरून घेतल्याचे सांगितले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रम आणि मानवी प्रतिष्ठेपुढे नवे आव्हान उभे राहिले आहे, हे कारण त्यांनी दिले. यंत्र काम करील. पण ते काम कुणासाठी आणि कोणत्या भावनेने करायचे, हे माणसालाच ठरवावे लागेल.