जनावरांच्या चालीवर चालणारे गळपट्टे

गाईचा माज हुकला कीं एकवीस दिवसांची वैरण फुकट जाते, हें संकरित गाई बाळगणारांस सांगावयास नको. माज बहुधा एका दिवसाहून अधिक टिकत नाहीं, व पुष्कळदा तो रात्रींच येऊन जातो. म्हणून गाईच्या गळ्यांत यंत्र बांधून तिची चाल व रवंथ मोजण्याची पद्धति हल्लीं पसरत आहे. यंत्रांतील बॅटरी संपली म्हणजे मात्र तो पट्टा नुसतें ओझें होय. यास्तव जनावराच्या हालचालींतूनच वीज काढण्याचे प्रयोग चालू आहेत.

यांतील मूळ तत्त्वें जुनींच आहेत. तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक हलविला असतां वीज उत्पन्न होते, हें फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. व कांहीं स्फटिक दाबले असतां वीज निघते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं. परंतु गाईची चाल पडली संथ! तिच्यापासून मिळणारी वीज वॅटाचा हजारावा हिस्सा, व बहुधा त्याहूनहि कमी. मोजमापास तेवढी पुरते; संदेश धाडण्यास क्षणभर कां होईना, कित्येक पट अधिक लागते. तेव्हां पाझर विहिरींत जमूं द्यावा व मग मोट धरावी, तसें वीज सांठवून मधून मधून संदेश सोडावा लागतो. माजावर आलेली गाय अधिक फिरते, वीजहि लवकर सांठते. म्हणजे संदेश वारंवार येऊं लागले, एवढ्यावरूनच माजाचा अंदाज बांधतां येतो. आमचे गुराखी घांटीच्या आवाजावरून जनावर चरतें कीं उधळलें हें ओळखीत, त्यांतलाच हा प्रकार.

खरी अडचण पुढेंच आहे. दावणीला बांधलेली गाय चालणार किती? दिवसाकांठीं सात-आठ तास ती रवंथ करते खरी, पण जबड्याच्या त्या सौम्य हालचालींतून फारशी वीज निघत नाहीं. शिवाय आजारी जनावर एका जागीं पडून राहतें, आणि जेव्हां वर्दी हवी नेमक्या तेव्हांच यंत्र मुकें होतें. पट्टा तुटला कीं गाय आजारी, हें त्या मौनावरून कसें कळावें? आमच्या मतें रानांत चरणाऱ्या खिल्लारास ही युक्ति शोभेल. गोठ्यांतील गाईच्या पट्ट्यांत जोडीला लहानशी बॅटरी असलेली बरी. म्हशीचा मुका माज तर नुसत्या चालीवरून ओळखणें कठीणच.

'बॅटरी लागत नाहीं' असें कोणी सांगूं लागल्यास, गाय दिवसभर बसून राहिली तर यंत्र काय करतें, हें पैसे मोजण्यापूर्वीं त्यास अवश्य विचारावें.