फळी कुजते ती पाण्याने?

पावसाळा संपला की डहाणू-तलासरीकडे एखाद्या शेताच्या कुंपणातला जुना लाकडी खांब उपटून पाहा. बहुधा तो जमिनीच्या पातळीलाच सर्वांत जास्त कुजलेला आढळेल. असे का व्हावे? वरचा भाग पावसात भिजतो, पण वाऱ्याने वाळतो. खोल पुरलेला भाग ओला राहतो, पण तेथे हवा कमी. मधल्या पट्ट्यात मात्र ओल आणि हवा दोन्ही! कुडाच्या घराच्या मेढी बुंध्याशी आधी कुजतात, त्याचेही कारण हेच.

लाकूड कुजवणारी असते बुरशी. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. लाकडातील सेल्युलोज हे तिचे खाद्य. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी पाणी असेल, तर ती वाढू शकत नाही. हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेले की तिचे फावते.

माडीवरची लाकडी जमीन असो की चाकांवरच्या फिरत्या घरातील न्हाणीघर, तेथे हेच घडते. नळाच्या जोडातून थेंबथेंब पाणी फळीखाली झिरपते. वर प्लॅस्टिकचे आच्छादन असल्याने ओल बाहेर पडत नाही. वरून सारे ठीक दिसते, आणि एके दिवशी पायाखाली फळी दबते!

अशा वेळी पुष्कळजण कुजक्या फळीवरच नवी फळी ठोकतात. पण कुजक्या लाकडात खिळा धरत नाही, आणि गळती चालूच राहिल्याने पुढच्या वर्षी नवी फळीही मऊ पडते. पैसे दोनदा जातात.

म्हणून आधी गळती शोधून बंद करावी. मग आच्छादन काढून फळी नीट वाळू द्यावी. टोच्या खुपसून पाहावे. तो सहज आत गेला, तर तेथे लाकूड कुजले आहे. टणक लाकूड लागेपर्यंतचा भाग कापून काढावा आणि खालच्या आडव्या कड्याही तपासाव्यात. नवा तुकडा भारतीय मानक ७१० च्या मरीन प्लायवूडचा घ्यावा. त्याच्या कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात, कारण पाणी तेथूनच लवकर शिरते. शेवटी जमिनीला मोरीकडे उतार द्यावा.

घरी पडलेल्या लाकडाचा एक ओलसर तुकडा शाळेत न्या. त्याचे वजन करा. मग शिक्षकांच्या मदतीने तो सुमारे १०३ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. १२५ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅम भरला, तर त्यात २५ टक्के पाणी होते. तुमच्या तुकड्यात बुरशी वाढली असती का, ते आता तुम्हीच सांगा!