पाच दाण्यांची फोडणी
मुलांनो, आपल्या नांदगावावरून हावड्याच्या गाड्या धडधडत जातात ना? तिकडच्या बंगालात फोडणीला म्हणतात ‘फोडन’. पाँच फोडन म्हणजे मेथी, जिरे, मोहरी, बडीशेप अन् कलौंजी, सगळे सारख्या मापाने. (मेथी थोडी कमीच घाला, कडू लागते!) दाणे अख्खेच ठेवायचे. आईला सोबत घेऊन तेल तापवा, चमचाभर दाणे टाका. तडतडले की शिजलेल्या मसुरीच्या डाळीवर ओता. वास बघा कसा सुटतो!

एक मात्र सांगून ठेवते. कलौंजी दिसते थेट कांद्याच्या बियांसारखी, आणि आपल्याकडे कांद्याचे बी पुष्कळांच्या घरी असते. ते डब्यातून घेऊन फोडणीत टाकाल, तर खबरदार! पेरणीच्या बियाण्याला बरेचदा विषारी औषध चोळलेले असते. कलौंजी वाण्याकडूनच आणायची.